सरकारी मालकीचे शिल्प किंवा भित्तिचित्र काढून टाकण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे?

शिल्पवेध (धागालेखक)

सरकारी इमारतीच्या नूतनीकरणाची निविदा निघते तेव्हा तिच्यात फरशी, विद्युतजोडणी, वातानुकूलन आणि रंगकाम यांचे दर तपशिलाने दिलेले असतात. मात्र दर्शनी भिंतीवर पन्नास वर्षे असलेल्या भित्तिशिल्पाचे काय करायचे, याविषयी त्या निविदेत बहुधा एक ओळही नसते आणि ठेकेदार साहजिकच ते पाडकामात धरतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि सार्वजनिक उपक्रम यांनी त्या काळच्या उत्तम चित्रकार-शिल्पकारांकडून कामे करवून घेतली. ती कामे आज कोणत्या नियमांखाली सांभाळली जातात, आणि ती हलवण्याचा, विकण्याचा किंवा नष्ट करण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या मर्यादेत आहे, यावर जाणकारांनी लिहावे यासाठी हा धागा काढला आहे.

या विषयाची सुरुवात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या खटल्यापासूनच करावी लागते. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्य भित्तिशिल्प घडवण्याचे काम केंद्र सरकारने १९५७ मध्ये त्यांच्याकडे सोपवले आणि १९६२ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे ते काम देशविदेशातील पाहुण्यांच्या नजरेसमोर सतरा वर्षे राहिले. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी शिल्पकाराला कोणतीही सूचना न देता ते उतरवण्यात आले आणि गोदामात टाकण्यात आले. या हलवाहलवीत त्याचे भाग मोडले व काही गहाळ झाले. पत्रव्यवहाराचा उपयोग होईना, तेव्हा १९९२ मध्ये सेहगल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्या. प्रदीप नंदराजोग यांनी २१ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल दिला. उरलेले अवशेष शिल्पकाराला परत करावेत, त्यावरील सर्व हक्क त्यांचेच राहतील आणि सरकारने त्यांना पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा तो निकाल होता. सेहगल यांनी पन्नास लाखांची मागणी केली होती.

कलाकृती नष्ट करणे हा तिच्या विद्रूपीकरणाचाच सर्वांत टोकाचा प्रकार आहे, कारण त्यामुळे कलावंताच्या एकूण निर्मितीतील एक भागच नाहीसा होतो आणि त्याच्या लौकिकाला बाध येतो, असे न्यायालयाने मानले. माझ्या मते आपल्या देशात सरकारी कलाकृतींविषयी झालेले हे सर्वांत महत्त्वाचे न्यायालयीन विवेचन आहे. तरीही शिल्प उतरवल्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षे गेली, आणि निकालानंतरही कार्यालयीन नियमांमध्ये ‘कलाकृती काढण्यापूर्वी अमुक करावे’ असा स्वतंत्र नियम आलेला मला आढळला नाही. जिथे ही चूक घडते त्या फाइलवर काही बदलले आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

लेखापाल निवृत्त

शिल्पवेध, आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी लेखा व भांडार या विभागांत नोकरी केली असल्यामुळे फाइलच्या बाजूने लिहितो.

केंद्र सरकारच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ (इंग्रजी संक्षेप जीएफआर) लागू आहेत. त्यांतील नियम २११ प्रत्येक कार्यालयाने कोणत्या वस्तूंची नोंद कोणत्या नमुन्यात ठेवायची हे सांगतो. यंत्रे, उपकरणे, फर्निचर यांसाठी जीएफआर-२२, लेखनसामग्रीसारख्या खपाच्या वस्तूंसाठी जीएफआर-२३ आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी जीएफआर-१८ असे नमुने आहेत. त्यानंतर जीएफआर-२४ हा नमुना येतो, आणि तो संग्रहालये व सरकारी विभाग यांच्या ताब्यातील ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्याच्या मालमत्तेसाठी आहे. म्हणजे सरकारी कार्यालयातील चित्र हे कपाट किंवा टेबल नव्हे, एवढी जाणीव नियम करणाऱ्यांनी दाखवलेली आहे.

अडचण पुढे येते. वस्तूची विल्हेवाट नियम २१७ व २१८ प्रमाणे होते. विभागाला ज्या वस्तूचा उपयोग राहिलेला नाही, ती वस्तू अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून घोषित करता येते आणि त्याची कारणे ती वस्तू खरेदी करण्यास सक्षम असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवायची असतात. उर्वरित मूल्य दोन लाख रुपयांपेक्षा अधिक असेल तर सर्वसाधारणपणे जाहीर लिलाव किंवा निविदा हा मार्ग असतो, आणि त्याहून कमी असेल तर पद्धत सक्षम अधिकारी ठरवतो. ही संपूर्ण रचना झिजणाऱ्या वस्तूंसाठी आहे. मोटारीची किंमत वर्षागणिक उतरते, म्हणून तिचे पुस्तकी मूल्य आणि घसारा विचारात घेणे रास्त ठरते. १९६०च्या सुमारास काही शे रुपयांना घेतलेल्या तैलचित्राला हाच हिशेब लावला, तर कागदावर त्याची किंमत शून्याच्या जवळ येते आणि कांस्यशिल्पाचे मूल्य धातूच्या वजनावर ठरते.

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि निर्लेखनाच्या (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याच्या) मर्यादांसाठी वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ यांचा आधार घेतला जातो. प्रत्यक्षात सर्व काही डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, अवलंबून असते. एका कार्यालयाच्या तपासणीत मी स्वतः अशी नोंद पाहिली आहे की ‘फोटो फ्रेम मोठी, नग १’. भिंतीवर होते ते एका जाणत्या चित्रकाराचे मूळ निसर्गचित्र, आणि त्याचे नाव, वर्ष, माध्यम, आकार यांपैकी काहीही रजिस्टरमध्ये नव्हते. अशा नोंदीच्या आधारे उद्या कोणी निर्लेखनाचा प्रस्ताव ठेवला, तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कशावर सही करत आहोत हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

न्यायप्रविष्ट

लेखापाल यांनी मालकीची बाजू मांडली आहे, म्हणून मी कलावंताच्या हक्काची बाजू मांडतो.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे सरकारच्या निर्देशाखाली झालेल्या कामाचा प्रथम मालक, वेगळा करार नसेल तर, सरकार असते. त्यामुळे अनेक अधिकाऱ्यांची अशी समजूत असते की वस्तूही आपली आणि कॉपीराइटही आपला, तेव्हा विषय संपला. परंतु कलम ५७ मधील हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहेत, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही ते निर्मात्याकडे राहतात. हे काम माझे आहे असे सांगण्याचा हक्क हा त्यांपैकी एक. आपल्या सन्मानाला किंवा लौकिकाला बाधक ठरेल असे विद्रूपीकरण, मोडतोड, फेरफार किंवा अन्य कृती रोखण्याचा वा त्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क हा दुसरा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हे दोन्ही हक्क निर्मात्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना बजावता येतात. ही बाब फार मोलाची आहे, कारण १९५० ते १९७० या काळातील बहुतेक कलावंत आज हयात नाहीत.

या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे आणि ते विसरून चालणार नाही. कलाकृती प्रदर्शित न करणे, किंवा निर्मात्याच्या समाधानाप्रमाणे प्रदर्शित न करणे, हा या हक्काचा भंग मानला जात नाही. म्हणजे चित्र भिंतीवरून उतरवून नीट बांधून कोठारात ठेवले, तर केवळ तेवढ्यावरून दावा उभा राहत नाही. उतरवताना ते फाडले, त्याचे तुकडे केले किंवा त्यावर रंग फासला, तर दावा उभा राहतो.

आता सेहगल निकालाच्या मर्यादेविषयी. प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स ही १९७२ मधील इमारत एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली आणि वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलम ५७ खाली दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयानेच २८ मे २०१९ रोजी तो फेटाळला. जी वस्तू पूर्णपणे नाहीशी झाली, ती विद्रूप स्वरूपात कोणाला दिसणारच नसल्याने निर्मात्याच्या लौकिकाला बाधा येत नाही, आणि जमिनीच्या मालकाचा आपल्या जमिनीवर बांधण्याचा व पाडण्याचा हक्क या कलमाने हिरावला जात नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दोन्ही निकाल एकसदस्यीय पीठांचे आहेत. त्यामुळे पूर्ण नाश म्हणजे विद्रूपीकरण आहे की नाही, हा प्रश्न आज एका स्वच्छ उत्तराविना उभा आहे.

रंगपेटी

न्यायप्रविष्ट यांच्या विवेचनातून तर फारच विचित्र स्थिती दिसते. एखाद्या अधिकाऱ्याने भित्तिचित्राचा अर्धा भाग फोडून तिथे दार काढले तर तो दोषी ठरेल, आणि संपूर्ण भिंतच पाडली तर सुटेल. मग सावध सल्लागार त्याला संपूर्ण भिंत पाडण्याचाच सल्ला देणार नाही का?

न्यायप्रविष्ट

रंगपेटी, दुसऱ्या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांनी घेतलेला मुख्य आक्षेप हाच आहे. माझ्या मते दोन्ही प्रकरणांतील भेद इमारत आणि तिच्यात बसवलेली स्वतंत्र कलाकृती यांच्यातील भेदाच्या आधारे समजून घेता येतो. इमारत ही वापराची वास्तू आहे, तिच्याखालची जमीन मर्यादित आहे, आणि तिच्या प्रत्येक वास्तुविशारदाला कायमचा नकाराधिकार दिल्यास शहर गोठून जाईल. कांस्यशिल्प मात्र उतरवून दुसरीकडे नेता येते, किंवा ज्याने घडवले त्याला परत देता येते. तिथे पाडण्याशिवाय गत्यंतर नव्हते असा युक्तिवाद सरकारला करता येऊ नये. ही माझी मांडणी आहे आणि ती न्यायालयात अजून कसोटीला लागायची आहे.

एक पूरक मुद्दा. सरकारने कलाकृती विकायचीच ठरवली, तर कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५३अ लक्षात घ्यावे. मूळ चित्र किंवा शिल्प दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर जो निर्माता त्या कामाच्या कॉपीराइटचा प्रथम मालक होता त्याला, किंवा त्याच्या वारसांना, त्या किमतीत वाटा मिळण्याचा हक्क हे कलम देते आणि त्या वाट्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. सरकारी लिलावाच्या जाहिरातीत याचा उल्लेख मी कधी वाचलेला नाही.

गिरगावकर

मालकाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवे. सरकारी कार्यालय हे संग्रहालय नव्हे. रुग्णालयात रुग्णांसाठी नवा विभाग उभारायचा असेल आणि मध्ये एखादे साधारण दर्जाचे भित्तिचित्र येत असेल, तर वारसांचा शोध घेण्यात काम वर्षभर अडकवून ठेवणे जनतेच्या हिताचे आहे का? शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहेच. मग आणखी नियमांची भर कशासाठी?

शिल्पवेध (धागालेखक)

गिरगावकर, आपला पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. कोणतीही कलाकृती कधीच हलवू नये, असे माझे म्हणणे नाही. सूचना, छायाचित्रण, जाणकाराचे मत आणि परत घेण्याची संधी एवढ्या चारच गोष्टी घडाव्यात, आणि त्याही ठरावीक मुदतीत, असे माझे म्हणणे आहे. निर्मात्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोटीस आणि वृत्तपत्रात जाहिरात देऊन तीन महिने वाट पाहिली, तर कोणतेही रुग्णालय अडून राहणार नाही. निविदा प्रक्रियेला त्याहून अधिक वेळ लागतो.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र १९७२ च्या अधिनियमाकडून आपण फार अपेक्षा ठेवत आहात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित हे त्याचे प्रमुख क्षेत्र आहे. त्यापेक्षा नव्या कलाकृतीसाठी ‘कलानिधी’ म्हणून राजपत्रात घोषणा व्हावी लागते आणि कलावंत हयात असेपर्यंत ती करताच येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे तिघे ठाकूर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांच्या कामांना हे स्थान मिळाले आहे. रविवर्म्याचे वास्तव्य आणि छापखाना आपल्याकडे होता हे खरे, परंतु विसाव्या शतकातील महाराष्ट्रातील एकाही चित्रकार-शिल्पकाराचे नाव या यादीत नाही. शिवाय या अधिनियमाचा मुख्य भर निर्यातीवर आहे. सरकारी कार्यालयाच्या भिंतीवरचे १९६५ चे चित्र उतरवून भंगारात देण्यापासून तो कोणालाही रोखत नाही.

सेक्टर सतरा

मी अनेक वर्षे चंदीगडमध्ये नोकरीनिमित्त राहिलेला मराठी माणूस आहे, म्हणून येथील उदाहरण सांगतो. ते या धाग्याच्या अगदी केंद्रस्थानी येणारे आहे.

ल कॉर्बुझिए आणि त्यांचे सहकारी पिएर जानरे यांनी चंदीगडची कार्यालये, विद्यापीठ आणि न्यायालय यांच्यासाठी खुर्च्या, टेबले, कपाटे यांची रचना केली. सागवानाच्या चौकटी आणि वेताची बैठक असलेल्या त्या खुर्च्या शहरभर होत्या. काही दशकांनंतर त्या डगमगू लागल्या, गच्चीवर आणि व्हरांड्यात ढीग लागले, आणि कार्यालयांनी त्या निरुपयोगी ठरवून रीतसर लिलावात विकल्या. परदेशी विक्रेत्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. भारताने आक्षेप घेतला तेव्हा उत्तर सरळ होते. विक्री सरकारनेच केली होती, पावत्या होत्या, आणि वस्तू शंभर वर्षांच्या आतील असल्यामुळे १९७२ चा अधिनियम तिला लागू नव्हता. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घालणारा आदेश काढला, आणि शहरातील अशा वस्तूंची गणती झाली तेव्हा ती १२,७९३ भरली. जे त्याआधी गेले, ते परत आणण्याचा कायदेशीर मार्ग उरलेला नाही.

येथे कोणी नियम मोडला नव्हता, याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. वस्तू निरुपयोगी आहे का, एवढाच प्रश्न नियमाने विचारला. तुटलेली खुर्ची बसण्यासाठी निरुपयोगीच होती. ती कोणी घडवली, हा प्रश्न फाइलवर यायला हवा होता.

लेखापाल निवृत्त

सेक्टर सतरा यांचे उदाहरण मी प्रशिक्षणवर्गात वापरावे इतके नेमके आहे. त्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. मार्च २०१९ मध्ये आयकर विभागाने एका फरार हिरे व्यापाऱ्याच्या मालकीची चित्रे करवसुलीसाठी मुंबईत विकली. ती सरकारी मालकीची नव्हती, जप्त केलेली होती, हा भेद आहे. परंतु विभागाने ती भंगारासारखी न विकता कलाक्षेत्रातील व्यावसायिक लिलावसंस्था नेमली, प्रत्येक चित्राची माहिती, उगम आणि अंदाजित किंमत असलेली सूची छापली, आणि वासुदेव गायतोंडे यांच्या १९७३ मधील एकाच चित्राला २५.२४ कोटी रुपये मिळाले. महसूल मिळवायचा असतो तेव्हा सरकारी विभाग तज्ज्ञाची मदत घेऊ शकतो. तर मग निर्लेखन समितीत कला संचालनालयाचा एक सदस्य घेण्यास कोणती अडचण असावी? नियम २१७ प्रमाणे समिती नेमता येतेच; त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

रंगपेटी

गायतोंडे यांचा उल्लेख झाला, म्हणून एअर इंडियाच्या संग्रहाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा यांच्यासारख्या तरुण चित्रकर्तीची कामे या कंपनीने १९५०च्या दशकातच विकत घेतली. हुसेन, गायतोंडे, रझा यांची कामे संग्रहात आली, आणि १९६७ मध्ये साल्वादोर दाली यांच्याकडून रक्षापात्राची (अ‍ॅशट्रेची) रचना करवून घेऊन मोबदल्यात त्यांना हत्तीचे पिल्लू देण्यात आले. यांतील बरेचसे काम नरिमन पॉइंटच्या इमारतीत होते. २०१७ मध्ये जतीन दास यांचे कंपनीच्या मालकीचे एक चित्र संग्रहाबाहेर गेल्याचे चित्रकाराच्याच लक्षात आले, त्यावर चौकशी झाली आणि ते परत आले. चित्रकार हयात आणि जागरूक होता म्हणून हे घडले.

कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, परंतु कलासंग्रह सरकारकडे ठेवण्यात आला आणि २०२३ मध्ये चार हजारांहून अधिक वस्तू राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आल्या. इमारत महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी रुपयांना घेतली. निर्गुंतवणुकीच्या व्यवहारात कलासंग्रह वेगळा काढला गेला, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र इतर सार्वजनिक उपक्रम आणि बँका यांच्या भिंतींवरील कामांबाबतही असा निर्णय विक्रीपूर्वीच व्हावा, यासाठी सर्वसाधारण नियम हवा. एकेका प्रकरणात कोणाला तरी आठवण झाली म्हणून संग्रह वाचला, ही व्यवस्था पुरेशी नाही.

गिरगावकर

शिल्पवेध, तीन महिन्यांच्या मुदतीचा आपला प्रस्ताव मला व्यवहार्य वाटतो. पुतळ्यांबाबत एक भर घालतो, कारण ते जनतेच्या अधिक परिचयाचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागा येथे नवे पुतळे उभारण्यास परवानगी देण्यास राज्यांना मनाई आहे. महाराष्ट्रात शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे उभारणीसाठी नियम आहेत, परंतु जुना पुतळा हलवण्याच्या वेळी त्याच संचालनालयाला विचारलेच पाहिजे, असे बंधन मला दिसत नाही.

हलवण्याचे चांगले उदाहरणही मुंबईतच आहे. काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. राजवट बदलल्यावर तो वितळवण्याची मागणी सहज मान्य झाली असती. तो आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात पाहता येतो, त्याच्या सोबत वसाहतकाळातील इतर शिल्पेही आहेत, आणि अभ्यासकाला त्या काळच्या ओतकामाचा नमुना उपलब्ध राहिला आहे. चौकातला मान काढून घेणे आणि शिल्प नष्ट करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळच्या प्रशासनाला कळले होते.

शिल्पवेध (धागालेखक)

सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझा मूळ प्रश्न बराच स्पष्ट झाला आहे. आता दोन व्यावहारिक बाबी विचारतो. नव्याने काम देताना करारात कोणता मजकूर असावा, आणि जुन्या कामांसाठी सामान्य नागरिकाने काय करावे?

न्यायप्रविष्ट

करारात निर्मात्याचे नाव कलाकृतीजवळ कायम ठेवण्याची जबाबदारी, देखभाल कोणी व किती वर्षांनी करायची, आणि हलवण्यापूर्वी नव्वद दिवसांची लेखी सूचना या गोष्टी असाव्यात. जागा सोडावी लागली तर प्रथम दुसऱ्या सरकारी जागेचा शोध, ती न मिळाल्यास निर्मात्याला किंवा वारसांना स्वखर्चाने परत नेण्याचा पर्याय, आणि तोही नाकारला गेला तरच अन्य विल्हेवाट, असा क्रम स्पष्ट लिहावा. शक्य तिथे भित्तिचित्र थेट गिलाव्यावर न करता सुट्या फलकांवर करावे, ही अट तर मी सर्वांत वर ठेवीन. भिंतीपासून अलग न होणारे काम वाचवण्याचा खर्च पाहूनच पुढे ते पाडण्याचा निर्णय होतो. कलम ५७ मधील हक्क सोडून देत असल्याचा मजकूर काही करारांत असतो, त्यावर कलावंतांनी सही करू नये.

लेखापाल निवृत्त

जुन्या कामांसाठी माहितीचा अधिकार वापरावा. केंद्राच्या कार्यालयात जीएफआर-२४ मधील नोंदवहीची प्रत आणि शेवटच्या वार्षिक प्रत्यक्ष पडताळणीचा अहवाल मागावा. राज्याच्या कार्यालयात डेड स्टॉक रजिस्टरची संबंधित पाने आणि निर्लेखनाचे मागील आदेश मागावेत. अर्जात ‘कलाकृतींची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिल्यास ‘निरंक’ असे उत्तर येते, म्हणून इमारतीचे नाव, मजला, भिंत आणि कामाचे वर्णन द्यावे. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित आहे, आणि नोंद नसल्याचे उत्तर आले तर तेच पत्र जोडून कार्यालयप्रमुखाकडे नोंद घेण्याची लेखी विनंती करावी. त्या पत्राची एक प्रत कला संचालनालयाला आणि, कलावंताचे कुटुंब माहीत असल्यास, त्यांनाही पाठवावी.